आमची वाटचाल : शब्बाथ शाळेसाठी चित्रकथा

आमचे छोटे प्रकाशन शब्बाथ शाळा (चर्चमधले मुलांचे रविवारचे वर्ग) आणि सुट्टीतल्या बायबल वर्गांसाठी ख्रिस्ती कथांचे संच बनवते. सुरुवात सोळा पानी पुस्तिकांनी झाली. पुस्तिका एका मुलाच्या हातात छान वाटते, पण वीस-पंचवीस मुलांपुढे उघडली की मागच्या रांगेला चित्रच दिसत नाही. म्हणून ए-थ्री आकाराची चित्रपत्रे आली, एका कथेला आठ. दाखवून झालेले पत्र गठ्ठ्याच्या मागे जाते, तेव्हा शिक्षिकेसमोर कायम शेवटच्या पत्राची पाठ असते. त्यामुळे पहिल्या चित्राचा मजकूर आठव्या पत्राच्या पाठीवर छापायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि असेच पुढे.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड, लॅमिनेशन मॅट आणि दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला केले तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल धरते नि पत्र वाकते. वसई-कोकणात तर हमखास. ग्लॉस असेल तर चित्रावर ट्यूबलाइटच चमकते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात, म्हणून छपाईआधी प्रूफ मोठ्याने वाचायचे.

पण खरी मेहनत कथा कुठे थांबवायची, यात असते. बायबलमधली जक्कयाची कथा घ्या (लूक १९:१-१०). बहुतेक वर्गांत ती, येशूला पाहायला जक्कय ज्यावर चढला, त्या उंबराच्या झाडावर रंगते आणि येशू त्याच्या घरी गेला, इथे संपते. मुलांच्या लक्षात झाड राहते. कथेचा कणा त्यापुढे आहे: हा मुख्य जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. म्हणून आठपैकी तीन चित्रे आम्ही परतफेडीला देतो. आठव्या पत्रावर तात्पर्य नाही, प्रश्न आहे: ‘एकाकडून दहा नाणी जास्त घेतली असतील, तर जक्कयाने किती परत दिली?’ मुले चाळीस म्हणतात आणि लगेच ‘एवढी का?’ असे विचारतात. तिथे शिक्षिकेने घाईने उत्तर देऊ नये. तात्पर्य आधी सांगितले की मुले शिक्षिकेला आवडेल तेच उत्तर देतात आणि विचार तिथेच थांबतो. वर्ग सुटताना प्रत्येकाला आठवड्याची चिठ्ठी मिळते, तीत एकच काम: घेतलेली वस्तू परत करणे किंवा मोडलेली दुरुस्त करून देणे. ‘चांगले वागा’ असे लिहिले तर मूल नेमके काय करणार? पुढच्या रविवारी चिठ्ठी चारचौघांत वाचून घेऊ नये, नाहीतर मुले खोटी कामे रचतात.

वयाचे भान हवेच. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पाच-सात मिनिटे आणि चारच चित्रे पुरतात. दावीदाने गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडल्याची कथा सांगताना गोफणीवर फार रेंगाळू नये, मधल्या सुट्टीत दगड उडतात! वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या कथेत मात्र त्याने त्या जखमीच्या देखभालीसाठी भरलेले दोन दीनार (चांदीची नाणी) जरूर सांगावेत. मजुराची दोन दिवसांची कमाई म्हटले की मदतीची किंमत मुलांना कळते.

अकरा ते चौदा वयोगटासाठी पंडिता रमाबाईंचा संच आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला सांभाळल्या. तिथे चित्रकाराला सूचना असते की मुलींना हात पसरलेल्या दाखवायचे नाही. पहिल्या पत्रात प्रवास, आणि पुढच्या पत्रांत त्या शिकताना आणि काम करताना दिसतात.