बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ : माझा अनुभव

पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणून हजार पौर्णिमांचा हिशेब ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास भरतो. बाबांचा तो टप्पा जवळ आला आणि घरात ठरलं : होम, जेवण आणि मधल्या वेळात जुन्या फोटोंचा व्हिडिओ. हे शेवटचं काम माझ्या गळ्यात पडलं.

फोनमध्ये असे व्हिडिओ आपोआप बनवणारी ॲप्स आहेत. एक करून पाहिला. फोटो गरगर फिरत येत, बदाम उडवत निघून जात. आईने चष्मा लावेपर्यंत तिची काकू पडद्यावरून गेलेली! आमच्या हॉलमध्ये बसणारी निम्मी मंडळी सत्तरीपुढची. त्यांना चेहरा ओळखायला, शेजारणीला कोपरखळी मारून "अगं, ही आपली सुमी!" म्हणायला वेळ हवा. पुढचं सगळं मी याच बेताने केलं.

आधी स्कॅनिंग. १९६० च्या दशकातले फोटो आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे, १२० च्या रोलवर बारा निघायचे तसले, जेमतेम सव्वादोन इंची चौकोनी. ते १२०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके धरून, घेतले. पोस्टकार्ड आकाराच्या रंगीत फोटोंना ६०० पुरतं. ४ बाय ६ इंचाचा फोटो त्यात २४००×३६०० पिक्सेल होतो आणि फुल एचडी पडदा १९२०×१०८० चाच असतो. खरा वैताग खरबरीत, दाणेदार कागदावरच्या फोटोंचा. स्कॅनरचा प्रकाश तिरका पडतो आणि प्रत्येक दाणा पांढरा चमकतो. ते खिडकीशी, ऊन थेट येणार नाही अशा जागी ठेवून फोनने सरळ वरून टिपले. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत. डेंटल फ्लॉस खालून सरकवला की बरेच सुटतात, न सुटलेले जागच्या जागी टिपायचे.

मग आत्याला बसवलं. स्कॅनच्या फाइलवर तारीख स्कॅनची पडते, त्यामुळे क्रम लावायचा तो माणसांच्या आठवणीवरच. आत्या साल सांगत नाही. "ही साडी माझ्या डोहाळजेवणाची, म्हणजे तुझा बाप तेव्हा किर्लोस्करवाडीला." असं ती बोलत गेली, मी फाइलींना १९६८-०१, १९६८-०२ अशी नावं (साल आणि अनुक्रमांक) देत गेलो. फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. गाण्यांची यादी तयार असूनही शेवटी व्हिडिओत आत्याचा आवाजच घेतला, मधेमधे हलकी सनई. गाणं लागलं की लोक गाणं ऐकतात, हे माझं ठाम मत आहे.

जोडणी शॉटकट या व्हिडिओ बनवायच्या प्रोग्रॅममध्ये केली. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ९० फोटो, सरासरी ६ सेकंद, म्हणजे ९ मिनिटं. लग्नाच्या ग्रुप फोटोला १५ सेकंद दिले : आधी अख्खा, मग खुर्च्यांवरच्या रांगेवरून हळूहळू. उभ्या फोटोंच्या दोन्ही बाजूंना त्याच फोटोची धूसर छाया भरायची फॅशन आहे. मला ती आवडत नाही, मी काळंच ठेवलं. मजकुरासाठी युनिकोड फॉन्ट 'मुक्त' वापरला. काही प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटतात नि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून आधी 'किर्लोस्करवाडी' टाइप करून पाहावं. ते नीट उमटलं की बाकीचं उमटतं.

हॉलवर आदल्या दिवशी गेलो ते बरं झालं. प्रोजेक्टर जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या ४:३ आकाराचा होता. वर-खाली काळे पट्टे आले, पण अक्षरं मोठी असल्याने निभावलं. आवाजाची गंमत वेगळी : चित्राच्या एचडीएमआय केबलमधून तो प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरला जातो, हॉलच्या स्पीकरला नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून हॉलच्या साउंड मिक्सरपर्यंत वेगळी वायर लागते. साउंडवाल्या दादांकडे ती होती.

पेनड्राइव्ह न लावता लॅपटॉपवरूनच दाखवला, स्पेसबारवर बोट ठेवून. "थांब रे, मागे घे!" असे हुकूम सुटणार हे माहीत होतं. नऊ मिनिटांचा व्हिडिओ जवळजवळ अर्धा तास चालला, आचारी दोनदा डोकावून गेले.

आता सगळ्यांना मूळ फोटो हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की दर्जा घसरतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय. आत्याला मात्र फोनमध्ये नकोत. तिला ग्रुप फोटोची मोठी प्रिंट हवी आहे, मागे प्रत्येकाचं नाव लिहून.