मंदीच्या बाजारात घर विकताना : आमची वाटचाल

घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारी आमची पेढी सुरू झाली तेव्हा बाजार तेजीत होता, आणि तेजीत मध्यस्थाचे काम मुख्यतः गाठी घालून देण्याचे असते. मालकाने सांगितलेला आकडा थोडा चढा वाटला, तरी काही महिन्यांत बाजारच त्या आकड्यापर्यंत येऊन पोहोचत असे. त्यामुळे किंमत ठरवणे हे स्वतंत्र अभ्यासाचे काम आहे, असे ना मालकांना वाटत होते, ना आमच्या व्यवसायातील बहुतेकांना. पुढे बाजार थंडावला. विक्रीला निघालेली घरे वाढत गेली, खरेदीदार रोडावले आणि जे आले त्यांना कसलीच घाई उरली नाही. त्या काळापासून आमच्या कामाचा भर हळूहळू बदलत गेला. आज एखाद्या घराची जाहिरात प्रसिद्ध होते, तेव्हा त्यावरचे आमचे निम्म्याहून अधिक कष्ट होऊन गेलेले असतात.

सर्वांत आधी आम्ही बाजार मोजायला शिकलो. ‘सध्या मंदी आहे’ हे वाक्य सगळेच बोलतात, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही. त्यासाठी एक साधा भागाकार पुरतो: एखाद्या भागात, एका प्रकारची किती घरे विक्रीला आहेत, त्या संख्येला दर महिन्याला प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या घरांच्या संख्येने भागायचे. उत्तर सहा महिन्यांच्या आसपास आले, तर बाजार समतोल आहे असे ढोबळमानाने समजतात. ते त्याहून बरेच वर गेले, तर वरचढ बाजू खरेदीदाराची. हा हिशेब घराच्या प्रकारानुसार वेगळा करावा लागतो, कारण एकाच परिसरात लहान घरांना मागणी टिकून असते आणि मोठी घरे मात्र वर्षभर पडून राहतात. मालकासमोर हा कागद ठेवला की पुढची चर्चा पुष्कळ सोपी होते.

मालक मनात जी किंमत घेऊन येतो, तिचे उगम बहुधा तीन असतात: स्वतः मोजलेली रक्कम अधिक दुरुस्त्यांचा खर्च, पुढच्या घरासाठी लागणारा पैसा आणि शेजाऱ्याने मागितलेला भाव. खरेदीदाराला या तिन्हींशी काहीही कर्तव्य नसते. शेजाऱ्याच्या भावाबद्दल तर आम्ही नेहमी एकच प्रश्न विचारतो, ते घर विकले गेले का? विकले गेले नसेल, तर त्या भावाला ते जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमची तुलना केवळ नोंद झालेल्या अलीकडच्या व्यवहारांशी असते. त्यात क्षेत्रफळ, मजला, उजेड, इमारतीचे वय आणि घराची अवस्था यांनुसार कमी-जास्त करावे लागते, आणि व्यवहार जितका जुना तितकी काळाची वजावट करावी लागते, कारण उतरत्या बाजारात सहा महिन्यांपूर्वीचा भाव हा आजचा भाव नसतो.

खरेदी-किमतीला चिकटून राहण्याच्या प्रवृत्तीचा अभ्यासही झालेला आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातील बॉस्टनमधल्या सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या मालकांना तोट्यात विकावे लागणार होते, त्यांनी अपेक्षित विक्री-किंमत आणि मूळ खरेदी-किंमत यांतील फरकाच्या २५ ते ३५ टक्के इतकी मागणी वर ठेवली. प्रत्यक्षात त्यांच्या पदरात त्या फरकाच्या ३ ते १८ टक्केच जास्त पडले, आणि त्यांची घरे विकली जायला अधिक वेळ लागला. ‘थांबलो तर थोडे जास्त मिळते’ हे यावरून खोटे ठरत नाही, हे मान्यच करायला हवे. पण थांबण्याच्या काळातले कर्जाचे व्याज, कर, विमा आणि देखभाल यांची महिन्यागणिक बेरीज त्या जादा रकमेतून वजा केल्यावर काय उरते, हे आम्ही मालकाला स्वतःच्या हाताने मांडायला लावतो.

मध्यस्थ मंडळी या मोहापासून अलिप्त असतात, असेही नाही. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच घर वेगवेगळ्या मागणी-किमती सांगून विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक मध्यस्थांना दाखवले होते. दोघांचेही अंदाज सांगितलेल्या आकड्याकडे झुकले. फरक इतकाच, की आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे विद्यार्थी अधिक मोकळेपणाने मान्य करत होते, तर व्यावसायिक नाकारत होते. ही माहिती वाचल्यावर आम्ही पेढीत एक शिस्त घालून घेतली. घर पाहायला दोघे जण जातात, मालकाचा आकडा त्यांच्या कानावर घालायचा नाही, आणि दोघांनी आपापला अंदाज लिहून दिल्याशिवाय एकमेकांशी बोलायचे नाही. दोन अंदाजांत फार तफावत आली, तर बहुधा कोणीतरी एखादा दोष पाहिलेला असतो आणि दुसऱ्याच्या नजरेतून तो सुटलेला असतो.

हीच रीत वारसाहक्काच्या घरांतही उपयोगी पडते. एका घराचे मालक तिघे भावंडे होते. तिघेही ‘आमचे एकमत आहे’ असे सांगत होते. मी तिघांपुढे कोरे कागद ठेवले आणि प्रत्येकाने याखाली विकणार नाही असा आकडा लिहावा, अशी विनंती केली. थोरल्या भावाचा आकडा बाजारभावाच्या बराच वर होता, धाकट्याचा खाली, आणि बहिणीने कागदावर आकड्याऐवजी तारीख लिहिली होती. “दादा, मला तेव्हापर्यंत पैसे लागणार आहेत, किती ते तुम्ही दोघे ठरवा,” असे त्या शांतपणे म्हणाल्या. चर्चेचा सारा रोखच त्या तारखेने बदलला. किमतीसंबंधीची कित्येक भांडणे मुळात मुदतीची असतात आणि ती घर बाजारात आणण्यापूर्वी मिटलेली बरी, कारण मालकांमधली फूट चलाख खरेदीदाराला पहिल्याच भेटीत जाणवते.

आकडा ठरल्यावर तो कसा मांडायचा, हेही पाहावे लागते. बहुतेक खरेदीदार आता संकेतस्थळावर किमतीची कमाल मर्यादा घालून घरे शोधतात आणि ती मर्यादा गोल आकड्याची असते. तिच्या किंचित वर राहिलेले घर त्या खालच्या वर्गातल्या खरेदीदाराला दिसतच नाही. नव्या जाहिरातीकडे सर्वाधिक लक्ष पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वेधले जाते, आणि त्यानंतर ‘अजून का विकले गेले नाही’ हा प्रश्न घराला चिकटतो. म्हणून ‘आधी चढा भाव ठेवू, मग उतरू’ या युक्तीला आमचा विरोध असतो. उतरत्या बाजारात थोडे थोडे कमी करणारा मालक दर वेळी बाजाराच्या एक पायरी मागेच राहतो. कपात करायचीच असेल, तर ती एकदा आणि डोळ्यांत भरेल एवढी असावी.

तयारीकडे वळतो, कारण आमचा सर्वाधिक वेळ तिथे जातो आणि सर्वाधिक मतभेदही तिथेच होतात. मालकांचा ओढा मोठ्या नूतनीकरणाकडे असतो. स्वयंपाकघर नव्याने बांधून काढले तर किंमत वाढेल, असे त्यांना मनापासून वाटते. विक्रीच्या तोंडावर केलेल्या अशा मोठ्या कामांचा पूर्ण खर्च सहसा वसूल होत नाही, शिवाय नव्या फरशीचा रंग खरेदीदाराला आवडेलच याची खात्री कोणी द्यावी? आम्ही छोट्या कामांची यादी करतो. एका घरात मुख्य दाराचे कुलूप किल्ली किंचित वर उचलून, दार गुडघ्याने दाबल्यावरच उघडत असे. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की तो दोष आहे हेच ते विसरले होते. पण पाहायला आलेले कुटुंब जिन्यात ताटकळत उभे राही आणि आत पाऊल टाकण्यापूर्वीच ‘या घराची निगा राखलेली दिसत नाही’ असे मनाशी ठरवून मोकळे होई. कुलूप बदलायला तासाभराचे काम होते. गळका नळ, लुकलुकणारा दिवा, फुगलेले दार, पिवळी पडलेली बटणे हे सारे याच जातीचे आहे.

ओल मात्र वेगळ्या गंभीरतेने घ्यावी लागते. खिडकीखालच्या कोपऱ्यात रंग फुगलेला आणि त्यावर पांढरी, मिठासारखी भुकटी दिसली, तर भिंतीत पाणी मुरते आहे, हे नक्की. त्यावर नुसता रंग फासला, तर जाहिरात चालू असतानाच तो डाग पुन्हा वर येतो, आणि मग खरेदीदाराला ओलीपेक्षा लपवाछपवीचा राग जास्त येतो. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे, तो मार्ग बंद करायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मग नवा रंग द्यायचा. घाईतल्या मालकाला हे आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे मांडले, ते घरांनाही लागू पडते. दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात, म्हणून तो सगळ्यांनाच कमी भाव देऊ पाहतो. खरेदीदार मोजके असतात तेव्हा हा संशय अधिकच महाग पडतो. यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक घराची एक फाइल तयार करतो. मालकीची कागदपत्रे, नकाशा, करभरणा, कर्जाची उरलेली रक्कम, दुरुस्त्यांची बिले आणि स्वतंत्र अभियंत्याचा तपासणी अहवाल हे सारे त्यात असते. अहवालात उरलेले दोषही आम्ही तसेच ठेवतो, कारण आधी सांगितलेल्या दोषाची किंमत एकदाच वजा होते, तर नंतर सापडलेल्या दोषावरून सगळा सौदा पुन्हा उकरला जातो.

आमच्या मोबदल्याविषयीही स्पष्ट लिहितो. स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागो परिसरातील जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यस्थांची स्वतःची घरे सरासरी साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला विकली गेली. सौदा लवकर उरकण्यात मध्यस्थाचा फायदा असतो, कारण शेवटच्या वाढीव रकमेतला त्याचा वाटा किरकोळ असतो. हा निष्कर्ष आम्ही प्रत्येक नव्या मालकाला पहिल्याच बैठकीत सांगतो. तयारीच्या कामाचे शुल्क आम्ही वेगळे घेतो आणि प्रत्येक प्रस्ताव, मग तो कितीही कमी असो, लेखी स्वरूपात मालकासमोर ठेवतो. पडेल प्रस्तावाचाही अपमान मानू नये, असा आमचा आग्रह असतो, कारण ताबा केव्हा द्यायचा, कोणते सामान घरात सोडायचे, रक्कम किती टप्प्यांत घ्यायची या गोष्टींवर बोलणी सुरू झाली की किमतीतले अंतर अनेकदा आपोआप कमी होते.

काही मालकांना आम्ही सध्या विकूच नका, असे सांगतो. ज्यांच्यावर कर्जाचा ताण नाही, पैशाची मुदत नाही आणि घर भाड्याने जाण्याजोगे आहे, त्यांना भाडेकरू शोधून देतो आणि वर्षाकाठी एकदा नव्या व्यवहारांच्या आधारे किमतीचा अंदाज पुन्हा कळवतो. पेढीच्या उत्पन्नात या कामाचा वाटा अजून लहान आहे, मात्र मंदी लांबते तसतशी अशा मालकांची संख्या वाढत चालल्यामुळे त्यासाठी आता एक सहकारी पूर्णवेळ नेमला आहे.