क्लेमॅटिस घेताना लेबल उलटं करून बघा

क्लेमॅटिस या फुलवेलीचं रोप हातात घेतलं की लोक लेबलावरचं फूल बघतात. एवढं मोठं जांभळं फूल असल्यावर नजर जाणारच. मी मात्र लेबल उलटवून आधी एक आकडा शोधते : छाटणीचा गट १, २ की ३. आकडा नसेल तर निदान जातीचं नाव तरी हवं. दोन्ही नसेल तर रोप कितीही टवटवीत असो, मी ते जागच्या जागी ठेवून देते. या वेलीच्या जवळपास ३०० प्रजाती आहेत, संकरित वाण तर त्याच्या कितीतरी पट. सगळ्यांना एकच कात्री लावली की घोळ होतो.

माझ्या वहिनीच्या कुंपणावर मोंटाना जातीची क्लेमॅटिस आहे. माझ्याकडे जॅकमनी. एकदा ती वैतागून म्हणाली, "ताई, मी अगदी तुमच्यासारखीच छाटते, तुमच्याच दिवशी. तरी माझ्या वेलीला पानांशिवाय काही येत नाही."

"वहिनी, म्हणूनच येत नाही."

मोंटाना पहिल्या गटातली. तिच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, वसंतात. हिवाळ्यात ती कापली की त्या वर्षीची फुलं कापली गेली. तिला हात लावायचा तो फुलून झाल्यावर, आणि तोही पसारा आवरेना झाला तरच. अल्पिनाचंही तसंच. जॅकमनी, व्हिटिसेला, टेक्सेन्सिस या तिसऱ्या गटातल्या वेली उलट्या वागतात : त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीवर फुलतात. हिवाळा सरत आला की जमिनीपासून फूटभर ठेवायचं, फुगलेल्या डोळ्यांची, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबांची, जोडी बघून तिच्या जरा वर कापायचं आणि वरचा सगळा गुंता ओढून काढायचा. पहिल्यांदा हे करताना जीव वरखाली होतो. पण न कापलेल्या जॅकमनीची फुलं वरच्या टोकाला जातात आणि खाली नुसत्या उघड्या काड्या राहतात. ज्यांना सगळ्यात कमी डोकेफोड हवी त्यांना मी तिसराच गट सुचवते. जॅकमनी १८६२ मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंग इथल्या जॅकमन नर्सरीत पहिल्यांदा फुलली. तेव्हापासून कितीतरी नवे वाण आले, तरी नवशिक्याला द्यायला मला अजून तीच बरी वाटते.

दुसरा गट मधला, आणि नेमकी लोकांना आवडणारी मोठी फुलं त्यातच असतात. नेली मोझर, मिस बेटमन वगैरे. जुन्या फांदीवर पहिला बहर, मग नव्या वाढीवर दुसरा, थोडा हलका. हिवाळ्याच्या शेवटी वाळकं, मरतुकडं काढायचं आणि उरलेल्या फांद्या वरून पहिल्या सशक्त डोळ्यांपर्यंत आणायच्या. पहिला बहर ओसरला की सुकलेल्या फुलांबरोबर थोडी थोडी टोकं काढायची. बस.

गट कुठलाही असो, लावताना मी रोप मुद्दाम खोल बसवते. बाकी बऱ्याच झाडांचा बुंधा मातीत पुरला तर ती कुजतात, ही वेल मात्र त्यासाठी ऋणी राहते. मुळांच्या गड्ड्याचा वरचा भाग मातीखाली ५ ते ८ सेंटिमीटर जायला हवा, म्हणजे खोडावरचे काही डोळे जमिनीच्या आत राहतात. वर काही बरंवाईट झालं तर हेच डोळे कामाला येतात.

आणि बरंवाईट होतं. माझी नेली मोझर ऐन कळ्यांत होती आणि बघता बघता तिची एक अख्खी फांदी माना टाकून उभी. शेजारची फांदी ठणठणीत. आत्या म्हणाली, "मेली गं ती, उपटून दुसरं काहीतरी लाव." मी उपटली नाही. हा मर रोग, एका बुरशीचा. मोठ्या फुलांच्या संकरित वाणांना तो जास्त गाठतो, व्हिटिसेलाच्या वाटेला फारसा जात नाही. रोगट फांदीच्या पानांचे देठ काळे पडतात, खोड चिरलं तर आतही काळपट दिसतं. मी ती फांदी निरोगी भागापर्यंत, म्हणजे जवळजवळ मातीपर्यंत कापली, तुकडे खतखड्ड्यात न टाकता फेकून दिले, कात्री जंतुनाशकाने पुसली आणि पाणी नेहमीसारखं चालू ठेवलं. मातीखालून नवे धुमारे आले. आत्या अजून म्हणते की मी गुपचूप दुसरं रोप आणून लावलं.

मान टाकलेली प्रत्येक फांदी रोगी नसते, हेही सांगायला हवं. दुपारी लोंबलेले शेंडे संध्याकाळी सावरले तर ती नुसती तहान. आणि खोड बुडाशी मोडलेलं आहे का ते बोटाने चाचपून बघा. ही खोडं इतकी ठिसूळ असतात की वाऱ्याचा एक झोत किंवा मांजराची एक उडी पुरते. कोवळ्या फुटव्यावर गोगलगायी रात्री ताव मारतात, तो प्रकार वेगळाच.

आधाराबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. क्लेमॅटिसला ना तणावे असतात, ना ती खोडाने वेटोळे घालते. ती पानाच्या देठाने पकडते. देठ तो केवढासा! जाड खांबाला किंवा रुंद पट्टीच्या मांडवाला त्याची मिठीच बसत नाही. पेन्सिलीहून बारीक काही हवं : तार, जाळी, सुतळी, किंवा दुसऱ्या झुडपाच्या बारीक फांद्या. कोवळी फांदी असतानाच तिला आडवी, तिरकी वळवून सैल बांधली तर फुलं खालपासून येतात. उभी सोडली तर ती सरळ वर पळते.

कुंडीत लावायची असेल तर मोंटानाचा नाद सोडा, ती ८-१० मीटर सहज जाते. पीलूसारखे बुटके वाण घ्या. कुंडी ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल, खाली भोकं मोकळी. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात आतून तापते, म्हणून मी ती टाळते. मातीची असेल तर पाणी जास्त लागतं, एवढंच. "डोकं उन्हात, पाय सावलीत" असा सल्ला सगळे देतात. माझं मत असं की पायांना सावलीपेक्षा ओलावा जास्त हवा. कुजलेल्या पालापाचोळ्याचा जाडसर थर दिला, खोडाला न चिकटवता, की निम्मं काम होतं. मात्र पाणी साचून राहिलं तर हीच वेल रुसते, तेव्हा निचरा आधी. खताचं म्हणाल तर वाढीच्या दिवसांत पालाशयुक्त, टोमॅटोला घालतात तसलं. नत्र जास्त झालं की पानंच पानं.

जिथे हिवाळा नावालाच असतो तिथे या बहुतेक वेली कुढतात, त्यांना थंडीतली विश्रांती लागते. तशा जागी मोठ्या फुलांच्या मोहात न पडता व्हिटिसेला किंवा टेक्सेन्सिसच्या वाणांवर हात आजमावावा. फिकट गुलाबी पाकळीवर गडद पट्टा असलेल्या नेली मोझरला तर कडक ऊन कुठेच मानवत नाही, पट्टा विरून जातो. माझी पूर्वेकडे आहे, सकाळचं ऊन तिला पुरतं.

आणि मी पाकळ्या म्हणते खरी, पण त्या पाकळ्या नाहीतच, रंगीत निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. थंडी लांबली तर सुरुवातीची फुलं हिरवट निघतात. त्याला रोग समजून औषध मारू नका, ऊब वाढली की पुढची फुलं आपल्या रंगात येतात.

वहिनीला आता जॅकमनीच हवी आहे. तिच्यासाठी एक खालची फांदी वाकवून, पेराशी तारेच्या आकड्याने शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून ठेवली आहे. छाटकलमंही होतात, पण त्यात दोन पेरांच्या मधे कापावं लागतं आणि सगळी लागतील असं नाही. दाब कलम संथ, तरी भरवशाचं. वर्षभर तरी लागेल. काम हातमोजे घालून करा, हिच्या चिकाने कातडीची आग होते, आणि मधेच माती उकरून मुळं आली का ते बघू नका. वहिनी दर भेटीत उकरायला बघते.