कर्दे ते लाडघर: खडपावरची संध्याकाळ आणि वाया गेलेले 3,800 रुपये

आधी महत्त्वाचं. दापोलीजवळच्या कर्द्याहून लाडघरला खडपावरून, म्हणजे समुद्राकाठच्या खडकाळ पट्ट्यावरून, जायचं असेल तर संध्याकाळी निघू नका, मग कोणी काहीही सांगो. "ऊन उतरलं की निघा, पाणी लांब आहे, पाऊण तासात लाडघर," असं कर्द्यातल्या एका टपरीवर एकाने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं आणि आम्ही ते मानलं. सुखरूप परत आलो, पण त्यात आमच्या तयारीचा वाटा फार थोडा होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी आणि माझा मावसभाऊ. केळशी ते गुहागर, पाच दिवस, पायी, दोघांत मिळून 6,000 रुपये. फाल्गुन शुद्ध एकादशीला निघालो, पौर्णिमेला, म्हणजे होळीच्या दिवशी, गुहागरला पोचलो. दोघांनाही सह्याद्रीत फिरायची सवय आहे. पाठीवर दहा किलो घेऊन उन्हात पंधरा-सोळा किलोमीटर चालता येत नसेल तर आधी ते जमवा. इथे मी ते धरूनच चाललोय.

केळशी ते आंजर्ले छान झालं. आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे हेही छान. त्यावर जास्त लिहीत नाही, फोटो सगळीकडे आहेत.

गडबड घरातूनच सुरू झाली होती. शहरातल्या एका दुकानात मी 3,800 रुपयांचा 'सर्व्हायव्हल किट' घेतला. विकणारा म्हणाला, एवढं जवळ असलं की कुठेही अडणार नाही. आत होतं काय? चकमकीची कांडी, तारेची करवत, होकायंत्र, चंदेरी कागदाचं पांघरूण, गळ आणि दोरा, एक शिट्टी, बोटभर लांबीचा टॉर्च. म्हणजे 6,000 मधले 3,800 निघण्याआधीच गेले. राहिले 2,200. मग काटकसर कुठे झाली? पाण्याच्या कॅनमध्ये, चांगल्या टॉर्चमध्ये आणि बुटांमध्ये. नेमक्या ज्या तीन गोष्टी लागल्या, त्याच तीन आम्ही घेतल्या नव्हत्या.

भावाचं दुसरं टोक. तो प्रस्तरारोहण शिकलेला, त्याचं म्हणणं कायम एकच: अंगात कसब असलं की सामान लागत नाही. तो एका लिटरच्या एका बाटलीवर निघाला. मी वस्तूंवर भिस्त ठेवली, त्याने अंगच्या कसबावर, आणि भरती-ओहोटीचं गणित दोघांनाही येत नव्हतं.

आता ती संध्याकाळ. द्वादशी होती. साडेचारला कर्द्याच्या दक्षिण टोकाची वाळू संपली आणि खडप सुरू झालं. काळा दगड, मधे पाण्याची डबकी, दगडांना चिकटलेली कालवं, म्हणजे धारदार शिंपले. सुरुवातीलाच एक आजी टोपली डोक्यावर घेऊन उलट येताना भेटल्या, हातात कालवं फोडायची कोयती. आमच्याकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "आता कुठे निघालात? पाणी भरतंय." मी म्हटलं, "आजी, पाऊण तासाचीच वाट आहे ना?" त्या म्हणाल्या, "वाट आहे हो, पण पाणी आहे ना." आणि निघून गेल्या. ज्या बाईचं पोट त्या खडपावर आहे तिचं ऐकलं नाही आणि टपरीवरच्या माणसाचं ऐकलं, याचा मला अजून त्रास होतो.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. सव्वापाचनंतर मात्र चित्र झपाट्याने पालटलं. मघाशी पायाखाली असलेली दगडांची रांग मागे वळून पाहिलं तर दिसेना. पुढची घळ ओलांडताना पाणी आधी घोट्याला, सामान पलीकडे ठेवून परत आलो तर गुडघ्याला. ट्रेकिंगचे जाड बूट शेवाळावर टिकेनात. मी घसरलो आणि उजवा तळहात कालवांवर आपटला. कालवाच्या शिंपेची कड पात्यासारखी असते. तळव्यावर तीन चिरा, त्यात शिंपेचे पांढरे कण रुतलेले, आणि धुवायला दोघांत मिळून अर्धा लिटर पाणी. फोनला रेंज नव्हती.

इथे भावाचं कसब कामी आलं, हे मोकळेपणाने सांगतो. त्याने कड्याकडे बोट दाखवलं. कालवं एका उंचीवर संपतात, त्याच्या वर दगडाचा काळा ओला पट्टा आणि त्याही वर कोरडा तांबूस जांभा, त्यावर करवंदाच्या जाळ्या. जांभा कोरडा आणि वर झुडूप रुजलेलं, म्हणजे रोजची भरती तिथवर जात नाही. आधी तिथे चढायचं, लाडघरचं नंतर बघू. वीस-पंचवीस फूट चढ, पण जांभ्याचे कोपरे हातात सुटून येतात. दोरी असती तर पाठपिशव्या वर ओढून घेतल्या असत्या. किटमध्ये करवत होती, दोरी नव्हती. भाऊ दोनदा खाली-वर झाला. तो छोटा टॉर्च वर पोचेपर्यंत बंद पडला. द्वादशीचं चांदणं होतं म्हणून सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या जांभ्याच्या पठारावरून, रस्ता सापडला. अमावास्या असती तर रात्र तिथेच काढावी लागली असती, तीही पाण्याविना. लाडघरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

हे सगळं टाळायला लागतं पंचांग आणि पाऊणकीचा पाढा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, पण चालणाऱ्याला एवढं पुरतं. आमची द्वादशी घ्या. बारा पाऊणे नऊ. सकाळी नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी, रात्री साडेनऊच्या आत पुन्हा भरती. म्हणजे साडेचारला निघालो तेव्हा पाणी वळून सव्वा तास झाला होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मी भरती उरकते. आमचे ते दोन तास म्हणजे सव्वापाच ते सव्वासात. "पाणी लांब आहे" हे साडेचारला खरंच होतं, म्हणूनच तो सल्ला जास्त घातक. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी असतो. हे गणित शिकायला मला नंतर वीस मिनिटं लागली.

लाडघरात ज्यांच्या पडवीत झोपलो त्या काकूंनी आधी माझा हात बघितला. गार केलेल्या उकळलेल्या पाण्याने धार धरून धुतला, सुईने कण काढले आणि म्हणाल्या, "सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, हे असंच सोडायचं नाही." रात्री 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाचं बोलणं निघालं. दापोली-मंडणगडात त्या दिवशी नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. विहिरीवरचे पंप बंद. "ज्यांच्याकडे रहाट होता त्यांच्याकडे आळी पाणी भरायला जायची," काकू म्हणाल्या. यांच्या विहिरीवर रहाट काढून टाकलेला, पण दोरी आणि कळशी शिल्लक होती, आणि हाताने पाणी शेंदायची सवय फक्त काकूंनाच. सून दोन दिवसांत शिकली. वस्तू एक, ती वापरता येणं एक, दोन्ही असलं तेव्हा घरात पाणी आलं. दुकानदाराच्या तासभराच्या बोलण्यापेक्षा मला हे जास्त पटलं. त्रयोदशीचा दिवस त्यांच्याकडेच काढला. दापोलीला जाऊन बाजार केला आणि इंजेक्शन घेतलं.

कमी पैशात निघणाऱ्यांनी पैसे कुठे घालावेत? सगळ्यात आधी पाण्यात. माणशी चार लिटर मावेल एवढे कॅन आणि बाटल्या. सड्यावर मार्चमध्ये सावली नाही, पाणी नाही, जांभा तव्यासारखा तापतो. विहिरी गावात आहेत, मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. चव घेऊन मगच भरा. क्लोरीनच्या गोळ्या स्वस्त मिळतात. गोळ्या नसतील तर नितळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास ठेवा. जंतूंवर हा उपाय चालतो, खारटपणावर नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी पाठ असू द्या. कोकमाचं आगळ-मीठ चवीला बरं, पण जुलाब लागले तर हीच करा.

मग डोक्याला लावायचा टॉर्च आणि सेलचा जास्तीचा जोड. मग 15 मीटर नायलॉनची दोरी. बूट जुने कॅनव्हासचे चालतील, तळ मऊ रबराचा हवा. हे सगळं, कॅन धरून, दापोलीच्या बाजारात मला 1,400 रुपयांत मिळालं. खाण्यासाठी चूल नको, गॅस नको: जाडे पोहे भिजवून गूळ, शेंगदाणे, फणसपोळी, मेतकूट. पाच दिवस यावर निघतात.

चकमकीची कांडी घरी ठेवा. मार्चमध्ये सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, शेजारी काजू आणि हापूसच्या बागा. तुमच्या एका ठिणगीने वणवा लागला तर कोणाचं तरी वर्षाचं उत्पन्न जातं. इथे आग पेटवायचं कसब मुळीच लागत नाही. लागतं ते जनावरापासून जपायचं. फुरसं हा विषारी साप या भागात भरपूर, जांभ्याच्या दगडाखाली बसलेलं असतं. दगड हाताने उचलू नका, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, बूट झटकून घाला. चावलंच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. हातपाय हलू न देता 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच प्रतिविष चालतं. विंचू तांबडा असेल तर त्यालाही हलकं घेऊ नका. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवायची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवली, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारा मंत्रात नाही, दवाखान्यात आहे.

बुरोंडी, कोळथरे, दोन्ही शांत, सुंदर. पुढे चला.

दाभोळला मात्र परत राग आला. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला जायला फेरीबोट आहे, माणसं, गाड्या सगळं जातं. धक्क्याच्या अलीकडे एकाने गाठलं: "आज होळी, फेरी बंद. माझी होडी आहे, दोघांचे 700." आम्ही उन्हाने शिणलेलो, घासाघीस करायचं त्राण नव्हतं, दिले. होडीत एकही लाइफजॅकेट नाही. खाडीच्या मध्यावर आलो आणि फेरीबोट आमच्या बाजूने निघून गेली, माणसांनी भरलेली. त्याने मान फिरवली. पैसे मागितले तर म्हणाला, "आता सुरू झाली असेल." धक्क्यापर्यंत जाऊन तिकीट खिडकीवर स्वतः विचारा. दोनशे पावलं आहेत, आम्ही चाललो नाही. 6,000 मधल्या 700 चा अर्थ ज्याने पै-पै जमवून प्रवास केलाय त्याला कळेल.

किटमधली शिट्टी तेवढी मी ठेवली, बाकी एका ओळखीच्याला 900 ला दिलं. कर्दे-लाडघर राहिलंय ते राहिलंयच. पुढच्या कृष्ण चतुर्थीला जाणार आहे. चार पाऊणे तीन, म्हणजे ओहोटी सव्वानऊला. साडेसातला आम्ही दोघे कर्द्याच्या दक्षिण टोकाला उभे असू, आठ लिटर पाणी आणि दोरी घेऊन, आणि खडपावर आजी भेटल्या तर आधी त्यांना विचारून.