मकरपुऱ्याची शेड आणि पांढरं व्हिनेगर: आमची वाटचाल

वडिलांनी रसायनांच्या दुकानातली नोकरी सोडून मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेड भाड्याने घेतली, तेव्हा बडोद्यात चायनीजच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, वाढत होत्या. लारीवाल्यांना व्हिनेगर हवं असे, तेही स्वस्तातलं. इथे ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडला, म्हणजे जवळजवळ शुद्ध, बिनपाण्याच्या ॲसेटिक ॲसिडला, तोटा नाही. त्यात पाणी घालून पाच टक्क्यांवर आणायचं, गाळायचं आणि कॅन भरायचे, एवढाच धंदा. त्रास व्हायचा तो थंडीत. हे ॲसिड 16.6 अंशांखाली गोठतं, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे ॲसिडचा मोठा कॅन (कारबॉय) उपडा केला तरी थेंब पडत नसे.

पुढे केटरर विचारू लागले, "आंबवलेलं आहे का?" नवसारीकडचा पारशांचा उसाचा सरको, म्हणजे व्हिनेगर, त्यांच्या ओळखीचा होता, पण तो तपकिरी. त्यांना हवं होतं पांढरं. ते मळीच्या किंवा धान्याच्या स्पिरिटपासून, म्हणजे अल्कोहोलपासून, होतं. पाणी घातलेल्या स्पिरिटवर ॲसेटोबॅक्टर नावाचे जिवाणू काम करतात. टाकीत खालून सतत हवा सोडावी लागते आणि तापमान 30 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. आंबताना उष्णता सुटते, म्हणून टाकीला थंड पाण्याची वेटोळी असतात. वीज जाऊन हवा सोडणारा ब्लोअर थांबला तर थोड्याच वेळात जिवाणू मरतात आणि अख्खा घाणा वाया जातो. जुन्या पद्धतीत लाकडाच्या सालपटांच्या थरावरून स्पिरिट झिरपवत. ती सावकाश, पण निवांत.

आम्ही स्वतः आंबवत नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. स्पिरिटचे परवाने आणि नोंदवह्या आमच्या शेडला झेपणाऱ्या नाहीत. तयार व्हिनेगर दहा-बारा टक्क्यांचं, पिंपांतून बाहेरून येतं. आम्ही त्यात शुद्ध पाणी घालून भरतो. प्रत्येक घाण्यात ॲसिड किती, याची तपासणी आमच्या ताई करतात: ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून कॉस्टिक सोडा, रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि गुलाबी छटा टिकली की आकडा लिहायचा.

बाटली धरून बघण्यात अर्थ नाही, आंबवलेलं आणि ॲसिडपासून बनवलेलं, दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. लेबल वाचा. नियमाप्रमाणे दोन्हींत किमान 3.75 टक्के ॲसिड लागतं आणि ॲसिडपासून बनवलेल्यावर 'सिंथेटिक' छापावंच लागतं. एका विक्रेत्याने तो शब्द बारीक करा म्हणून गळ घातली होती. आम्ही तो आणखी मोठा केला, आणि गिऱ्हाईक गेलं. सिंथेटिक म्हणजे काही विष नव्हे. सोया-चिलीच्या उग्र सॉसमध्ये फरक मला तरी कळत नाही. व्हिनेगरातला कांदा, सॅलड किंवा लोणचं असेल तर मात्र आंबवलेलंच घ्या, त्याचा वास नाकात झोंबत नाही. साठवणीच्या लोणच्याला पाच टक्क्यांखालचं नको. चार टक्क्यांची स्वस्त बाटली म्हणजे जास्तीच्या पाण्याचे पैसे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. कल्हई नसलेलं पितळ आणि ॲल्युमिनियम टाळा.

हल्ली निम्मे फोन साफसफाईचेच असतात. किटलीतल्या क्षाराच्या थराला सिंथेटिक उत्तम, महागडं कशाला वापरायचं? पण कोटा लादी आणि संगमरवर त्याने पुसू नका, चमक जाते. आणि ब्लीचमध्ये तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.