हा आपला नाही

परवा उद्योजकांच्या संघटनेच्या सचिवांचा फोन आला. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे, यंदाही मोमेंटो तुमच्याकडूनच. "डिझाइन मागच्या वर्षीचंच ठेवा. टँकवालं. सगळ्यांना आवडलं होतं." मी बरं म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून ते टँकवालं डिझाइन डोक्यातून जात नाही.

माझं दुकान खोदकामाचं. गाव नगर. आता अहिल्यानगर झालंय. पाट्या मीच कोरतोय, पण जिभेला अजून वळण नाही. वडील पितळेवर छिन्नीने अक्षरं कोरायचे, मग पँटोग्राफ आला, आता लेझर. गिऱ्हाइकं मुख्यतः दोन. कॅम्पातून छातीवरच्या नेमप्लेटा आणि निरोपसमारंभाच्या ट्रॉफ्या, एमआयडीसीतून मशिनवर लावायच्या पट्ट्या. इथं रणगाडा दलाचं आर्मर्ड कोअर सेंटर १९४८ पासून आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा आहे. लष्कर आणि उद्योग यांचं नातं म्हणून भाषणात जे काही असतं, ते माझ्याकडे एकाच उधारीच्या वहीत आहे.

मागच्या वर्षी सभेचा विषयच तो होता. चौदा जणांचा सत्कार: काही निवृत्त अधिकारी, लष्कराला सुटे भाग पुरवणारे काही कारखानदार आणि 'उद्योगात योगदान देणारे माजी सैनिक' असे तिघे. सभासद कंपन्यांनी आपापल्याकडची नावं पाठवायची होती. ती यादी माझ्याकडे आली तेव्हा चुकांनी भरलेली होती, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. अशी यादी दुरुस्त करताना मी दुकानात जरा मोठ्याने बोलतो.

रणगाड्यांच्या रेजिमेंटमधल्या माणसाला त्यांनी 'सुभेदार' लिहिलं होतं. घोडदळाची परंपरा आहे ती. तिथे रिसालदार असतो, हवालदाराच्या जागी दफादार, शिपायाच्या जागी सवार. मेकॅनाइज्डवाल्यांचं मात्र पायदळासारखं, तिथे सुभेदारच. दुसरं म्हणजे 'निवृत्त ब्रिगेडियर अमुक'. असं लिहायचं नाही. आधी हुद्दा, मग नाव, आणि 'निवृत्त' हे शेवटी कंसात. वडिलांना एका सुभेदार मेजरने सांगितलेलं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो: हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. सचिवांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून निभावतंय." मी फुगलो.

प्लेट सहा बाय आठ इंची, दीड मिलिमीटर पितळ, शिसवी फ्रेम. वर रणगाड्याचं रेखाचित्र, खाली मजकूर. लोक समजतात लेझर म्हणजे बटण दाबलं की झालं. पितळ चकाकतं, किरण परतवतं. नीट खोली हवी तर पाच-सात वेळा त्याच रेषेवरून फिरवावं लागतं, मग काळा रंग भरायचा, वरचा पुसायचा, पॉलिश, लॅकर. एका प्लेटला पाऊण तास. त्यात 'आपल्या टँक म्युझियममधलाच रणगाडा हवा' असा समितीचा आग्रह. एका तरुण सभासदाने तिथला फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. बाजूने काढलेला, लांब नळी, ऐटबाज. मी तो कॉम्प्युटरवर, कोरल सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केला. चाकांचे नटसुद्धा सोडले नाहीत.

सभेच्या दिवशी चार वाजता मनमाड रोडवरच्या हॉटेलात मी आणि माझा पोऱ्या खोकी उतरवत होतो. दारावरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी एक फ्रेम उचलू लागायला हातात घेतली आणि तशीच धरून उभे राहिले. साठीचे असतील. मिशा पांढऱ्या, बूट आरशासारखे.

"शेठ, रागावू नका," ते म्हणाले. "हा आपला नाही."

"आपला नाही म्हणजे?"

"पॅटन आहे. पाकिस्तानचा."

मी हसलोच. म्हटलं, काका, आपल्या म्युझियममधला फोटो आहे. "असंलच की. धरून आणलेला आहे तो," ते म्हणाले आणि बोटाने दाखवू लागले. नळीच्या टोकाला आडवा तुकडा, इंग्रजी टीसारखा. टरेट, म्हणजे नळी बसवलेला वरचा फिरता भाग, कासवाच्या पाठीसारखं गोल. "आपल्या सेंच्युरियन रणगाड्याचं टरेट चौकोनी दिसतं, बाजूला पेट्या असतात, आणि चाकांवर लोखंडी झडपा. निम्मी चाकं झाकलेली. तुमची सगळी उघडी आहेत." ते विजयंता रणगाड्यावर गनर होते, नंतर टी-७२ वर, दफादार म्हणून निवृत्त झाले. ट्रेनिंगला चित्र दाखवायचे आणि लगेच झाकायचे, म्हणाले. आपला की परका, तेवढ्यात सांगायचं.

१९६५ च्या युद्धात असल उत्तरला जे निकामी होऊन रांगेने पडले, ते पॅटन. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यांच्याशी शेवटपर्यंत लढले, तेही पॅटनच. खेत्रपालांचा सेंच्युरियन 'फमागुस्ता' आमच्या नगरातच जपून ठेवलाय. आणि मी, नगरात जन्मलेला, नगरच्या पराक्रमाच्या गौरवार्थ शत्रूचा रणगाडा पितळेत कोरला होता. नटांसकट. चौदा वेळा.

सचिवांना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला. "कोणाला कळतंय? राहू द्या." बहुतेकांना कळलं नसतंच. रणगाड्यासमोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांतला खालची पाटी वाचणारा मी तरी फारसा पाहिलेला नाही. मीही वाचली नव्हती. पण दारावरच्या माणसाला दोन सेकंदांत कळलं होतं आणि आत व्यासपीठावर त्याचेच साहेब बसणार होते.

पितळ पुन्हा कोरायला वेळ नव्हता. पण दुकानात नेमप्लेटांची शीट होती, वरून काळी, आत पांढरी. वरचा थर उडवला की पांढरी रेघ उमटते, तीन मिनिटांत एक. पोऱ्याला हॉलवर ठेवून मी गाडी हाणली. सेंच्युरियनचं चित्र काढून पोऱ्याच्या मोबाइलवर पाठवलं. काकांचा फोन ड्युटीत जमा असतो. उत्तर आलं, "काका म्हणतात झडपा अजून खाली घ्या." घेतल्या. "काका म्हणतात आता ठीक." चौदा चकत्या कापल्या, मागे दुहेरी टेप लावली आणि सव्वासहाला हॉलवर पोचून एकेक करून पॅटनवर चिकटवत गेलो. पितळेवर काळी चकती, मुद्दाम केल्यासारखी छान दिसत होती. सगळ्यांना आवडलं ते हेच.

तेरा झाल्या. चौदावी चकती हातात, आणि फ्रेम सापडेना. सचिवांनी एक मोमेंटो आदल्या दिवशी अध्यक्षांना दाखवायला नेला होता. तो रिबिन बांधून थेट प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावर गेला होता आणि दीपप्रज्वलन सुरू झालं होतं.

भाषणं नेहमीची. नगरने देशाला काय दिलं, संरक्षण उत्पादनात संधी कशी आहे. केके रेंज या लष्कराच्या सराव मैदानावरच्या गोळीबाराने ज्यांच्या खिडक्या हादरतात आणि जमिनीचं काय होणार म्हणून ज्यांचा जीव टांगणीला असतो, त्या गावांचं नाव कोणी घेतलं नाही. मग सत्कार. तिघे माजी सैनिक आले; तिघेही माजी अधिकारी, आता कंपन्यांत मॅनेजर. यादी कंपन्यांच्या पगारपत्रकावरून निघाली होती. दारावरचे काका एजन्सीचे. ते कुठल्याच कंपनीच्या पत्रकात नसतात.

प्रमुख पाहुणे निवृत्त ब्रिगेडियर (इथे मी चुकीचं लिहिलंय, माहीत आहे), रणगाड्यांच्याच दलातले. रिबिन सोडली, फ्रेम हातात घेतली आणि पाहत राहिले. फोटोग्राफरने दोनदा 'सर, इकडे' म्हटलं तरी मान वर नाही. मग हसून फ्रेम छातीशी धरली. चित्र आत, मागची बाजू लोकांकडे. चुकून की मुद्दाम, मला आजही सांगता येणार नाही.

जाताना काकांनी दारात सॅल्यूट ठोकला. ब्रिगेडियर थांबले आणि दोन मिनिटं बोलले. नंतर मी काकांना विचारलं, मोमेंटोबद्दल काही म्हणाले का? "नाही. कोणती रेजिमेंट, एवढंच." आणि ते गाड्या लावायला निघून गेले.

परवा फोन ठेवल्यावर वाटलं, या वर्षीचं चित्र आधी काकांना दाखवावं. हॉटेलवर गेलो तर दारावर दुसराच पोरगा. एजन्सी बदलली, म्हणाला. जुन्या एजन्सीचा नंबर मिळवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मी दर महिन्याला शेकड्याने नेमप्लेटा कापतो. काकांच्या शर्टावर फक्त 'सिक्युरिटी' लिहिलेलं होतं.