टाइमशीटमधलं शून्य

शनिवार, रात्री

कारण एवढंसं आहे की कोणाला सांगायलाही संकोच वाटतो. काल टाइमशीट भरत होते, कुठल्या कामाला किती तास गेले त्याचा ऑफिसचा तक्ता. शेजारच्या पोराने सहज स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही नवीन काहीच नाही करून राहिल्या का?" 'न्यू डेव्हलपमेंट'समोर शून्य, बाकी सगळे तास 'मेंटेनन्स'खाली, म्हणजे जुना कोड सांभाळण्यात. त्याच्या मनात काही नव्हतं, ते मला कळतं. तरी सुभाष नगरला मेट्रोत बसले तेव्हा डोक्यात तेच, आई जेवायला वाढत होती तेव्हाही तेच.

काल दिवसभर मी एका पैशाच्या मागे होते. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एका वितरकाचं लेजर, म्हणजे खातं, जुळत नव्हतं. 10.05 रुपयांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1.809, जवळच्या पैशात राउंड केला की 1.81. पण आमचा जुना कोड आधी 9 टक्के सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा अर्धा वाटा, काढतो, 0.9045, आणि त्याचे 90 पैसे करतो. राज्याच्या अर्ध्या वाट्याचे, एसजीएसटीचेही तसेच 90. बेरीज 1.80. त्याच पोराने लिहिलेल्या नव्या मोबाइल स्क्रीनने सरळ 18 टक्के घेतले होते. बिलाच्या एका ओळीत एका पैशाचा फरक, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांच्या डोक्याला ताप. शेवटी मी बदलली ती कोडची एकच ओळ. नव्या स्क्रीनला जुन्याच फंक्शनकडून आकडा घ्यायला लावलं.

म्हणजे चूक नव्या कोडमधली आणि तास माझ्या मेंटेनन्सच्या खात्यात. पोराला दोष देत नाही, हे कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. पण त्या स्क्रीनच्या डेमोला टाळ्या पडल्या होत्या. असो.

त्या ओळीपर्यंत पोचायला जे वाचावं लागलं, ते कुठे मांडू? त्या फाइलमध्ये जसजसं खाली जावं तसतसं जुनं नागपूर लागत जातं. 1 जुलै 2017 ची अट, तिथून पुढे जीएसटी. त्याखाली एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, 2013 च्या एप्रिलमध्ये महापालिकेत जकातीच्या जागी आलेला आणि 2015 च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांच्या डोक्यावरून उतरलेला. त्याखाली 2005 चा व्हॅट. पार तळाशी जकातीच्या दरांचा तक्ता, आणि त्यावर रोमन अक्षरांत मराठी शेरा: 'याला हात लावू नये, जुनं बिल परत छापताना लागतं.' खरंच लागतं. व्हॅटच्या एखाद्या जुन्या अपिलासाठी कोणी 2014 चं बिल मागितलं, तर ते तेव्हाच्याच करांसह निघायला हवं. शेरा कोणाचा, ते आता कळायचं नाही. कोणती ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद ठेवणाऱ्या गिटवर कोड आणला तेव्हा मागचा इतिहास आलाच नाही, सगळ्या ओळी एकाच दिवशी एकाच नावावर चढल्या. ज्याने लिहिलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

पुण्याला गेलेल्या मैत्रिणींच्या रेझ्युमेवर काय काय असतं. माझ्यावर काय लिहू, राउंडिंग? धाकटी फोनवर म्हणते, तूही निघ. तो विषय आज नको.

शून्यच टोचतंय. मला जुन्या कोडचा कंटाळा आलाय का? प्रामाणिकपणे, नाही. काल तो 0.9045 सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. राग आहे तो रकान्याचा. लिहिलं ते काम आणि वाचलं ते फुकट, असं कोणी ठरवलं? नवीन मॉड्यूलवाला तरी दिवसभर लिहीत कुठे असतो? त्याचेही तास दुसऱ्याचा कोड समजून घेण्यातच जातात, फक्त ते 'न्यू'खाली मोजले जातात.

इथवर लिहिल्यावर जरा बरं वाटतंय. सर रकाना बदलणार नाहीत, तो वरून ठरतो, हे मला माहीत आहे. ठीक आहे, नाही तर नाही. शून्य राहील. पण शेऱ्याच्या जागेत आता 'बग फिक्स' एवढंच टाकायचं नाही, काय वाचलं आणि काय सापडलं ते सगळं लिहायचं. नव्या मॉड्यूलमध्ये आठवड्यातला एक दिवस मागायचा, कारण तेही मला हवंच आहे आणि ते मागायला लाजायचं कशाला. आणि सोमवारी आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाऊन झाले की त्या पोराला शेजारी बसवून ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचायला लावणार. जकातीपर्यंत.